धुवण ओतायचं नाही

"काकू, तुमच्या हातात पेशी मरतात," सर सोमवारच्या बैठकीत नऊ माणसांसमोर म्हणाले आणि चहा फुंकून प्यायले.

मी बावीस वर्षं पेशी वाढवते आहे. प्रयोगशाळेत सगळे मला काकू म्हणतात. सर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत, तेही म्हणतात. माझं काम सांगायला सोपं आहे. उंदराच्या हाडांतल्या मगजातून पेशी काढायच्या, सात दिवस त्यांना खाऊपिऊ घालून रक्षक पेशी करायच्या, म्हणजे जंतू दिसला की गिळणाऱ्या, आणि मग प्लेटच्या एकेका खळग्यात मोजून दोन-दोन लाख पेरायच्या. करायला मात्र सोपं नाही. गार अन्न घातलं तर त्या आकसतात, जोरात पिचकारी मारली तर फाटतात, आणि इन्क्युबेटरचं दार कुणी उगीच उघडं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड बघवत नाही. माझ्या पेशी शंभरातल्या सत्त्याण्णव जिवंत असतात. मी बढाई मारत नाही, बावीस वर्षांच्या वह्या कपाटात आहेत, कुणीही काढून बघावं.

आणि हा माणूस म्हणतो, तुमच्या हातात मरतात.

भांडण एका आकड्याचं होतं. सरांचा सिद्धांत असा, की हा जंतू रक्षक पेशीच्या पोटात शिरला तरी ती मरत नाही. ती उभी राहते, लढते, जंतू पचवते. सरांनी तिला 'अजिंक्य पेशी' असं नावही देऊन ठेवलं होतं. त्यावरचा लेख शुक्रवारी मासिकाकडे जायचा होता. मोजणी आमच्याकडच्या तरुण डॉक्टरने केली होती. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण तो सगळं काम गळ्यातल्या स्टॉपवॉचवर करतो, डबा खायलासुद्धा बारा मिनिटं लावतो. घड्याळाचा आकडा होता शंभरात चार मेलेल्या. नियमाप्रमाणे तोच प्रयोग दुसऱ्या माणसाने करायचा असतो, तो मी केला. माझ्या आकड्यात शंभरात चाळीस मेलेल्या.

"पण जंतू न घातलेल्या प्लेटमध्ये माझ्याही तीनच मेल्यात ना, सर," मी म्हटलं. "हात तोच आहे. हात मारतोय तर तिथे का मारत नाही?"

"तुम्ही जंतूंची प्लेट शेवटी करता. तोवर दमता. वयाचं आहे, काकू, त्यात वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

सरांनी प्रयोगाची वही पुढे ओढली आणि माझ्या चाळीसच्या आकड्याखाली लिहिलं: 'काकूंच्या हाताळणीने पेशी मृत. ही मोजणी धरू नये.' खाली सही, तारीख. मग मला एकटीला थांबवून घेतलं आणि म्हणाले, पहिल्या तारखेपासून तुम्ही तळमजल्यावर काचसामानाच्या खोलीत जा, पगार तोच राहील, काम हलकं, आणि बदलीचं पत्र हातात ठेवलं. म्हणजे बाटल्या आणि नळ्या विसळायच्या. लेख पाठवताना कुणी विचारलं की चाळीसचा आकडा कुठून आला, तर सांगायला बरं: ज्या बाईने मोजलं तिला आम्ही त्या कामावरून काढलं आहे. खापर फोडायला माझं डोकं सापडलं होतं.

घरी आले तर सासूबाई पाय पसरून वाटच बघत होत्या. त्यांच्या टाचेवर आठवडाभर गळू होतं, आदल्या दिवशी ते फुटलं होतं, आणि पट्टी बदलायला त्यांना मीच लागते. पोटचा मुलगा समोर बसलेला असला तरी त्याला हात लावू देत नाहीत. नवऱ्याने पाण्याचं भांडं आणून ठेवलं आणि तो शहाण्यासारखा बाहेरच्या खोलीत गेला.

मी जुनी पट्टी ओली करून सोडवायला लागले आणि स्वतःच्या बोटांकडेच बघत राहिले.

"आई, माझा हात थरथरतो का हो?"

"थरथरला असता तर मी बोंब मारली नसती का? चार घरं गोळा केली असती." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कोण म्हणालं?"

सगळं सांगितलं. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, पण बावीस वर्षं माझ्या पेशींचं रडगाणं ऐकून त्यांना निम्मं शास्त्र तोंडपाठ आहे. त्या पट्टीवरच्या पिवळ्या डागाकडे बघत होत्या.

"हा पू म्हणजे नक्की काय गं?"

"मेलेल्या पांढऱ्या पेशी. जंतूंशी लढून मेलेल्या. आणि थोडे जंतू."

"मग ही पट्टीच ने की उद्या. त्या शहाण्यापुढे ठेव. म्हणे मरत नाहीत!"

मला हसू आलं. "त्या वेगळ्या जातीच्या असतात हो आई. सर म्हणतील, याचा त्याच्याशी संबंध नाही."

"भाऊबंदच ना?"

"भाऊबंदच."

"मग झालं तर. आणि ऐक, गळू फुटलं तेव्हाच माझा ठणका थांबला. आत होतं तोवर जीव नकोसा झाला होता. तुझ्या सरांना म्हणावं, कधी गळू झालं नाही वाटतं तुम्हाला." त्यांनी पाय माझ्या मांडीवर आणखी पुढे सरकवला. "बांध आता नीट. आणि ती नळ्या विसळायची खोली बघायलासुद्धा जाऊ नकोस. एकदा गेलीस की संपलीस."

पट्टी बांधताना माझ्या डोक्यात एकच हिशोब फिरत होता. मी दोन लाख पेरल्या होत्या, मोजल्या तेव्हा एक लाख अठ्ठ्याण्णव हजार भरल्या होत्या. जिवंत आणि मेलेल्या मिळून जवळजवळ सगळ्या जागेवर. घड्याळाच्या एकूण किती भरल्या? वहीत तो आकडाच नव्हता. तो शंभर पेशी बघायचा, त्यातल्या निळ्या किती ते लिहायचा आणि पुढे जायचा. सगळे तसंच करतात. निळा रंग मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही, म्हणून निळी दिसली की मेलेली. पण ते शंभर कशातले शंभर?

दुसऱ्या दिवशी मी घड्याळाला म्हटलं, मला तुझं काम बघायचंय. संसर्गाची खोली चिमुकली आहे, एका वेळी एकाच माणसाने काम करायचा नियम, त्यामुळे चार वर्षांत आम्ही एकमेकांना जंतूंचं काम करताना बघितलंच नव्हतं. मी दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिले.

काय हात आहे पोराचा! खोटं कशाला बोलू, देखणा हात आहे. प्रत्येक खळग्यात जंतू मोजून घातले. अर्ध्या तासाने औषध घातलं, बाहेर राहिलेले जंतू मरावेत आणि पेशींच्या पोटात गेलेलेच उरावेत म्हणून. सहा तास ठेवलं, तेवढ्या वेळात मी माझी कामं उरकून परत काचेशी आले. मग धुण्याची वेळ आली. कृतीच्या कागदावर लिहिलंय, 'तीनदा हलकेच धुवा.' त्याने खळग्यात पाणी घातलं, प्लेट हलवली आणि पंपाची नळी टेकवली. सुर्र. सगळं पाणी कोपऱ्यातल्या बाटलीत. पुन्हा पाणी, पुन्हा सुर्र. तिसऱ्यांदा सुर्र.

मी काचेवर टकटक केलं. तो बाहेर आला, मास्क खाली करून म्हणाला, "काकू, दोन मिनिटं सतरा सेकंद गेली माझी."

"धुवण कुठे गेलं?"

"कुठलं धुवण?"

"आत्ता तीनदा धुतलंस ते पाणी."

"कचऱ्याच्या बाटलीत. ब्लीचमध्ये. मग काय करायचं असतं त्याचं?"

मी भिंतीला टेकले. कागदावर 'धुवा' लिहिलंय, 'ओता' कुठेही लिहिलेलं नाही. पण धुतलं की ओतायचं, हे इतकं उघड आहे की कुणाला लिहावंसंही वाटलं नाही. मला ते उघड वाटलं नाही, कारण मी इथे येण्याआधी तीन वर्षं एका दवाखान्याच्या तपासणी-खोलीत होते. तिथल्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी दम भरला होता: "रिपोर्ट गेल्याशिवाय काही ओतायचं नाही. थुंकीसुद्धा नाही." एकदा मी लघवीचा एक नमुना घाईने ओतला तर त्यांनी मला दिवसभर स्टुलावर बसवून रिकामी बाटली धरायला लावली होती. तेव्हापासून माझ्या हातून काही ओतलं जात नाही. धुवण मी नळीत गोळा करते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवते, तळाला बसलेल्या पेशी बाकीच्यांत मिसळते आणि मग मोजते. मला वाटायचं सगळेच तसं करतात.

जिवंत रक्षक पेशी खळग्याच्या तळाला घट्ट चिकटून बसते. मेली की सुटते. आणि सुटलेली पहिल्याच धुण्यात जाते. घड्याळ शंभर पेशी मोजत होता, पण उरलेल्यांतल्या. मेलेल्या त्याने आधीच ओतून दिल्या होत्या, दर खेपेला, चार वर्षं, सेकंदाचीही चूक न करता.

मी त्याला हे सांगितलं. आधी तो हसला. मग त्याचा चेहरा उतरला, मग त्याने गळ्यातलं स्टॉपवॉच काढून खिशात घातलं. "सरांना हळूच सांगू या," तो म्हणाला.

"हळूच का? मला हळूच बोलले होते का ते? नऊ जण होते. गुरुवारी तेच नऊ जण पाहिजेत. आणि हात तुझा पाहिजे. मी प्लेटला बोट लावणार नाही."

त्याचं नाव लेखात पहिलं होतं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. माझाच हात."

आणखी एक गोष्ट मी त्याला करायला सांगितली. फ्रीजमध्ये एक पावडर आहे. रक्षक पेशीच्या आत तिची स्वतःचीच एक कात्री असते. पोटात जंतू आहे असं तिला कळलं की ती कात्री उघडते, त्यातून पेशीच्या भिंतीला आतूनच भोकं पडतात, आणि पेशी आजूबाजूला हाक देऊन फुटते. ही पावडर ती कात्री जाम करते. कात्री जाम, तर पेशी मरू शकत नाही. मी म्हटलं, अर्ध्या खळग्यांत ती घाल.

"कशाला?"

"सर पुढे काय म्हणणार ते मला माहीत आहे म्हणून."

सरांना मी सरळ जाऊन म्हटलं, "गुरुवारी दोन वाजता सगळ्यांसमोर प्रयोग बघायला या. माझा हात नसेल. नाही आलात तरी होणारच आहे."

त्यांनी समोरचा कागद पुढे ओढला. पण आले.

गुरुवारी घड्याळाने संसर्गाच्या खोलीत तीनदा धुतलं, बाकी सगळे काचेबाहेरून बघत होते. या वेळी पंप बंद होता, धुवण नळ्यांत. घट्ट बंद केलेल्या नळ्या बाहेर मोठ्या खोलीत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरल्या. जंतू न घातलेल्या खळग्याच्या नळीत तळाला काही दिसेना. जंतू घातलेल्या नळीच्या तळाशी साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका बसला होता, तो शेवटच्या माणसालाही उभ्या जागेवरून दिसला. हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी मी म्हटलं, रंग घाला, मोजा, मी सोडून कुणीही मोजा. दोन विद्यार्थिनींनी मोजलं. खळग्यात उरलेल्या एक लाख चोवीस हजार, त्यांत शंभरी चार निळ्या. धुवणात चौऱ्याहत्तर हजार, जवळपास सगळ्या निळ्या. बेरीज करून टक्केवारी घड्याळानेच मोठ्याने वाचली.

"शंभरात चाळीस," तो म्हणाला. "माझ्या हाताने."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हणजे मरतात," ते म्हणाले. "ठीक आहे. पद्धतीतली त्रुटी होती. म्हणजे जंतू जिंकतो, पेशी हरते. लेखाची दिशा बदलावी लागेल, पण..."

"हरत नाही," मी म्हटलं.

"काकू, मेली ती हरलीच ना?"

"उद्या सकाळी सांगते, सर. पावडरचे खळगे अजून बोलले नाहीत."

खळग्यांतलं आणि धुवणातलंही थोडं थोडं आम्ही जंतू वाढवायच्या थाळ्यांवर पसरून ठेवलं. जितके जंतू जिवंत, तितके ठिपके सकाळी उगवतात. मी घरी गेले, जेवले, सासूबाईंची पट्टी बदलली. टाच सुकत आली होती. खरं सांगते, रात्री एकदा मनात आलं, उलटं निघालं तर? मग मी विसळेन बाटल्या, पण मान खाली घालून नाही.

शुक्रवारी सकाळी सर माझ्या आधी आलेले. दोन थाळ्या आणि उरलेल्या धुवणाच्या नळ्या त्यांच्या टेबलावर होत्या. ज्या पेशींना मरू दिलं होतं त्यांच्या थाळीवर एकतीस ठिपके. ज्यांना पावडर घालून जिवंत ठेवलं होतं त्यांच्या थाळीवर मोजायला जागाच नव्हती, सगळी थाळी साय आल्यासारखी पांढरी. त्या पेशी कशा देखण्या उभ्या होत्या! धुवणात एकही गेली नव्हती म्हटलं तरी चालेल. आणि जिच्यात जंतू शिरला होता तिचं पोट जंतूंनी गच्च भरलेलं.

"पावडरमुळेच जंतू वाढत असतील," सर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"ते मी तपासलंय, सर," घड्याळ दारातून म्हणाला. "नुसत्या पावडरीत जंतू वाढत नाहीत. नेहमीइतकेच राहतात."

मग मी बोलले. इतकी वर्षं बैठकीत मी फक्त आकडे सांगत आले, त्या दिवशी बोलले. म्हटलं, "सर, जंतूला पेशी मरायला नकोय. त्याला आत घर मिळालंय, खायला मिळतंय, बाहेरचं औषध लागत नाही. पेशी फुटली की तो उघड्यावर पडतो. इथे बाहेर औषध होतं, शरीरात बाहेर दुसऱ्या पेशी टपलेल्या असतात. आणि ती उगीच मरत नाही. शेजारची, जिच्या पोटात काही नाही, ती जागची हललेली नाही, बघा मायक्रोस्कोपखाली. जिचं घर गेलं तिनेच कात्री चालवली. चौऱ्याहत्तर हजार जणी स्वतःहून गेल्या आणि आपण त्यांना ब्लीचमध्ये ओतत होतो. आणि नाव कुणाला देत होतो? ज्या नुसत्या बसून राहिल्या त्यांना!"

सर खिडकीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "तुमची बदली रद्द करतो. पत्र आजच मागे घेतो."

"वही."

"काय?"

"वहीत लिहिलंय तुम्ही."

त्यांनी वही काढली, ते पान उघडलं, ड्रॉवरमधून पांढऱ्या शाईची बाटली घेतली. मी बाटलीवर हात ठेवला. प्रयोगाच्या वहीचा नियम त्यांनीच आम्हा सगळ्यांना शिकवलाय: काही पुसायचं नाही, पान फाडायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कारण, सही, तारीख.

"काकू, ताणू नका. पत्र मागे घेतलं ना?"

"पत्र तुमच्या माझ्यात होतं. वही सगळे वाचतात. एक रेघ, सर. खालचं दिसलं पाहिजे. कोण काय म्हणालं होतं ते राहू दे."

त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं आता ओरडतील. मी हलले नाही. घड्याळही दारातून हलला नाही, त्याच्या गळ्यात काही टिकटिकत नव्हतं. शेवटी सरांनी पेन उचललं आणि आपल्याच ओळीवर रेघ मारली. बाजूला लिहिलं: 'चूक. धुवण मोजलं नव्हतं. हाताळणी निर्दोष.' मग थांबले.

"कुणाची हाताळणी?" मी विचारलं. "वहीत नाव लागतं. काकू हे नाव नाही."

त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेली. मी त्यावर तळहात ठेवला. सहा वर्षं हा माणूस माझा साहेब होता.

"तुमचं..." सर म्हणाले. "पूर्ण नाव सांगता का?"

सांगितलं. माझं, वडिलांचं नव्हे, नवऱ्याचं नव्हे, आधी माझं, मग बाकीचं. त्यांना लिहिता येईल इतक्या सावकाश. त्यांनी सही केली, तारीख घातली, वही माझ्याकडे फिरवली. मी प्रत्येक अक्षर वाचून बघितलं. जोडाक्षर एका ठिकाणी चुकलं होतं, ते रेघ मारून दुरुस्त करायला लावलं.

निघताना सरांनी टेबलावरच्या धुवणाच्या नळ्यांकडे हात केला. "ह्या आता ओतून टाका."

मी नळ्या उचलल्या, फ्रीजच्या वरच्या फळीवर रांगेत लावल्या आणि दार बंद केलं.

"लेख बदलून जाऊ दे, सर," मी म्हटलं. "मग ओतते."